मोटारीखालचा सरकता पाट

घरी मोटार असणे ही एके काळी वकील-डॉक्टरांच्या वैभवाची खूण समजली जात असे. आता ती अनेक सुशिक्षित कुटुंबांच्या नित्य सोयीची वस्तू झाली आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली लहान गाडी ग्राहकाच्या हाती पडली, तेव्हापासून हा पालट विशेष वेगाने झाला. आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा भाग खुला झाल्यावर मेहकर व सिंदखेड राजा या तालुक्यांतील मंडळींनाही दूरचा प्रवास स्वतःच्या वाहनाने करण्याची चटक लागली. वस्तू घरात आली म्हणजे तिची निगाही मागोमाग घरात येते. शिवणयंत्रास तेल घालणारा, नळाचा वॉशर बदलणारा, सायकलीचे पंक्चर स्वहस्ते काढणारा गृहस्थ एक ना एक दिवस मनात आणतो की, इंजिनाचे तेल आपणच बदलावे, खाली थेंब कोठून गळतो ते आपणच पाहावे. ही उमेद स्तुत्य आहे, आणि तिला पैशाच्या बचतीखेरीज आणखीही एक फळ आहे : ज्या यंत्रावर आपण मुलाबाळांसह विसंबतो, त्याची अंतर्बाह्य ओळख होते.

परंतु बॉनेट उघडून करावयाची कामे जशी उभ्याने होतात, तशी तळाकडील कामे होत नाहीत. ती पाठीवर निजूनच करावी लागतात. एस.टी.च्या आगारात यासाठी जमिनीत खड्डा बांधलेला असतो. मिस्त्री त्यात उभा राहतो आणि गाडी डोक्यावर येते. घरी तशी सोय कोठून असणार? बारदानाचा तुकडा, जुनी सतरंजी अगर पुठ्ठा अंथरून त्यावर निजण्याचा प्रघात आपल्याकडे सर्वत्र दिसतो. याऐवजी अलीकडे जो चाके लावलेला ठेंगणा पाट बाजारात मिळतो, त्यास क्रीपर असे नाव आहे. आपण त्यास सरकता पाट म्हणू. सुमारे एक मीटर लांब, पाऊण हाताहून थोडा अधिक रुंद, डोक्याकडे लहानशी उशी, आणि खाली चहूकडे वळणारी चार अथवा सहा चाके. त्यावर उताणे निजायचे, पाय जमिनीवर ठेवायचे आणि टाचांच्या रेट्याने हवे तिकडे सरकायचे. बाहेरचे उपकरण घेण्यास पुनःपुन्हा कोपरांवर खरडत यावे लागत नाही, हा त्याचा मुख्य गुण होय.

वस्तू साधी आहे, म्हणूनच ती घेताना फारसा विचार होत नाही. आणि घरी आणल्यावर ती अडगळीत पडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे मालकास धोक्यात घालते. यास्तव तिच्या निवडीचा थोडा तपशिलाने विचार करणे योग्य होईल.

प्रथम उंचीचा हिशेब

दुकानात जाण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन एक बेरीज करावी. बाजारातील बहुतेक लहान मोटारींचा तळ जमिनीपासून १६ ते १८ सेंटिमीटर उंच असतो. सामान्य प्रौढ मनुष्य उताणा निजला असता त्याची छाती जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटर वर येते. अर्थात सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या लहान गाडीखाली, पाट असो वा नसो, मनुष्य शिरूच शकत नाही. गाडी उचलावी लागतेच.

आता किती उचलावी? छातीचे २३ सेंटिमीटर धरा. हातात पाना धरून कोपर वळविण्यास निदान १५ सेंटिमीटर मोकळे हवेत. झाले ३८. यात पाटाची उंची मिळवावयाची. गादीचा जाड पाट १० सेंटिमीटर उंच असेल, तर बेरीज ४८ वर जाते. पाठ चाकांच्या मधोमध खाली लोंबत राहील असा ठेंगणा पाट ५ सेंटिमीटरचा असेल, तर ती ४३ वर थांबते. गाडी उचलल्यावर जिच्यावर ती टेकवायची, त्या लोखंडी घोडीची, म्हणजे जॅक-स्टँडची, कमाल उंची घरगुती मापांत बहुधा ४२ सेंटिमीटरच्या आसपास असते. यावरून दिसून येईल की, दुकानात बोटभर वाटणारा उंचीचा फरक गाडीखाली सर्वस्व ठरतो. लहान गाडीच्या मालकाने गादीच्या मऊपणास न भुलता ठेंगणा पाटच निवडावा. उंच बांध्याची जीप किंवा बोलेरो असेल, तर ही अडचण बरीच कमी होते आणि गादीचा आराम परवडतो.

घाटावरची फरशी, घाटाखालची जमीन

दुसरा विचार जमिनीचा. जुन्या वऱ्हाडाचे पायनघाट व बालाघाट असे जे विभाग होते, त्या दोहोंचा अंश आमच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, आणि आजही येथील माणूस घाटाखालचा की घाटावरचा हे प्रथम विचारले जाते. सरकत्या पाटाच्या बाबतीतही हाच प्रश्न आधी विचारावा.

मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या घाटाखालच्या भागात पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर पुरेसा मुरूम न भरता केलेले अंगणाचे काँक्रीट दोन-चार वर्षांत तडकते आणि तड्याच्या दोन्ही कडा वरखाली होतात. घाटावर, म्हणजे बुलढाणा, चिखली, मेहकर या बाजूस, मुरूम व काळा पाषाण जवळ लागतो. त्यामुळे फरशी कमी हलते, परंतु डोंगराळ वस्तीतील अंगणास बहुधा उतार असतो. घाटाखाली जमिनीस भेग आणि घाटावर अंगणास उतार, असे हे दोन निरनिराळे शत्रू आहेत.

भेगेचा परिणाम चाकावर कसा होतो हे समजून घेण्यासारखे आहे. बैलगाडीचे चाक पुरुषभर उंच का करीत? मोठे चाक दगडावरून सहज चढते, लहान चाक त्यालाच अडते. गणित करून पाहता असे आढळते की, ५ मिलिमीटर उंचीच्या अडथळ्यावरून ५० मिलिमीटर व्यासाचे चाक चढविण्यास त्या चाकावरील भाराच्या तीन-चतुर्थांश इतका आडवा रेटा लागतो. चाक ७५ मिलिमीटरचे असेल तर तोच रेटा भाराच्या निम्म्याहून थोडा अधिक पुरतो. ८० किलो वजनाच्या गृहस्थाचा भार चार चाकांवर वाटला असता प्रत्येकावर २० किलो येतो. म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा खडा वाटेत आला, तर लहान चाकास १५ किलोचा आणि मोठ्यास साडेअकरा किलोचा रेटा हवा. निजलेल्या माणसाने टाचांनी १५ किलोचा रेटा देणे सोपे नव्हे. पाट अडतो, माणूस जोर करतो, आणि अकस्मात सुटलेला पाट त्याचे कपाळ एखाद्या लोखंडी कडेवर नेऊन आदळतो.

यावरून निवडीचा नियम असा निघतो. गुळगुळीत सिमेंट, घोटलेला कोटा किंवा टाइल असेल, तर ५० मिलिमीटरची चाके पुरेत. शहाबादी फरशी, सिमेंटचे ठोकळे किंवा तडे गेलेले काँक्रीट असेल, तर ७५ मिलिमीटरपेक्षा लहान चाके घेऊ नयेत. मात्र मोठी चाके सरळ पाटाखाली जडविली तर पाटच उंच होतो आणि वरील बेरीज बिघडते. म्हणून ज्यात चाके पाटाच्या कडेला, आडव्या पट्ट्यांच्या टोकांस लावलेली असून पाठीचा भाग त्यांच्या मधे खाली उतरलेला आहे, अशी रचना पाहावी. आणि अंगण मुरमाचे, वाळूचे अगर शेणाने सारवलेले असेल, तर सरकता पाट घेऊच नये. तेथे चाक रुतते. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेथे घोडीही रुतते. अशा घरी पाटाचा खर्च बाजूस ठेवून आधी मोटारीपुरती सिमेंटची सपाट पट्टी करवून घ्यावी, आणि काळ्या मातीत ती करताना खाली मुरमाचा चांगला थर धुम्मस करून द्यावा.

चाके आणि पाट

चाके चार असावीत की सहा? सपाट जमिनीवर चारही पुरतात. तथापि, जमीन वाकडीतिकडी असली की चारांपैकी एक चाक अधांतरी राहते आणि सर्व भार उरलेल्या तिघांवर पडतो. म्हणून प्रत्येक चाक संपूर्ण वजनाचा निदान तिसरा हिस्सा पेलणारे असावे. १०० किलोच्या भारास ३५ किलोचे एक चाक, हा हिशेब लक्षात ठेवावा. सहा चाकांच्या पाटात मधली जोडी कमरेखाली येते, त्यामुळे फळी वाकत नाही आणि एखादे चाक भेगेत गेले तरी पाट कलत नाही.

चाकाचा पदार्थही पाहिला पाहिजे. लोखंडी चाक टिकते, पण फरशीवर ओरखडे काढते आणि खडखडाट करते. साधे रबर आवाज करीत नाही, पण इंजिनाच्या तेलाने ते सुजून मऊ पडते. नायलॉन कठीण व टिकाऊ आहे, परंतु खड्यावर अडते. पॉलियुरेथेनचे चाक तेलास दाद देत नाही आणि फरशीही राखते. घरगुती वापरास तेच बरे. वळणाच्या खोबणीत बॉल-बेअरिंग आहे की नाही, हे चाक बोटाने फिरविताच कळते.

पाटाचे तीन प्रकार मुख्य. पोलादी नळ्यांच्या चौकटीवर गादी व रेक्झिन लावलेला पाट सुखाचा खरा, पण उंच. शिवाय रेक्झिन फाटले की आतील फोम तेल पिऊन बसतो. साच्यात ओतलेला प्लास्टिकचा पाट ठेंगणा असतो, त्यास डोक्याचा व खांद्यांचा खळगा असतो, आणि तो साबणाने धुता येतो. मात्र आमच्याकडील उन्हाळ्यात, जेव्हा घाटाखाली पारा ४४-४५ अंशांस टेकतो, तेव्हा तो उन्हात पडू दिल्यास काही काळाने ठिसूळ होतो. तिसरा लाकडी. घडी घालून ज्याचे बसण्याचे स्टूल होते असा चौथाही एक मिळतो. त्याच्या बिजागऱ्या वजन वाढवितात व उंचीही वाढवितात. चाकांची व ब्रेकची कामे बसून करण्याची ज्यास गरज आहे, त्यानेच तो घ्यावा.

लाकडी पाट गावच्या सुताराकडून सहज करविता येतो. १८ मिलिमीटर जाडीच्या, पाण्याने न उकलणाऱ्या प्लायवुडची १०० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद फळी घ्यावी. कडा व कोपरे घासून गोल करावेत. फळीच्या वरच्या अंगास डोक्याकडे, कमरेपाशी व पायथ्याशी अशा तीन मजबूत आडव्या पट्ट्या आरपार बोल्टांनी जखडाव्यात. त्या दोन्हीकडे चाकापुरत्या बाहेर काढाव्यात, आणि त्यांच्या टोकांस खालून चाके लावावीत. पट्ट्या पोलादी व चपट्या असल्यास पाठीस रुतत नाहीत, आणि वर पातळ सतरंजी घातली की काम झाले. फळी पट्टीखाली लोंबत असल्याने उंची वाचते. असा पाट मोडला तरी दुरुस्त होतो, हा त्याचा विशेष.

विकत घेताना मात्र संकोच बाजूस ठेवून दुकानातच त्यावर निजून पाहावे. डोके मानेच्या सरळ रेषेत राहते का, खांदे कडेबाहेर लोंबून हाताची बोटे चाकाखाली जाण्याचा संभव आहे का, कुशीस वळताना पाट उलटतो का, आणि टाचेच्या हलक्या रेट्याने तो चारी दिशांस सारखा सरकतो का, या चार गोष्टींची परीक्षा दोन मिनिटांत होते.

पाव सेकंदाची गोष्ट

येथवर सोयीचा विचार झाला. आता ज्यासाठी हा लेख विशेषेकरून लिहिला, त्या गोष्टीकडे वळू. सरकता पाट माणसाच्या मनात एक खोटा विश्वास उत्पन्न करतो. आपण चाकांवर आहोत, गाडी हललीच तर झटकन बाहेर सरकू, असे त्यावर निजणाऱ्यास वाटू लागते. हा समज प्राणघातक आहे. कोणतीही जड वस्तू ३० सेंटिमीटर खाली येण्यास सुमारे पाव सेकंद घेते. आवाज कानी पडून मनुष्याचा स्नायू हलू लागण्यासच जवळजवळ तेवढा वेळ जातो. म्हणजे टाच जमिनीस लागण्यापूर्वीच गाडी खाली आलेली असते. जगातील सर्वोत्तम चाकेही या हिशेबात फरक करू शकत नाहीत.

म्हणून खरेदीचा क्रम असा असावा : प्रथम घोड्यांची जोडी, मग चाकांस लावण्याच्या पाचरी, मग चांगला जॅक, मग डोळ्यांचा चष्मा व दिवा, आणि सर्वांत शेवटी सरकता पाट. पैसे अपुरे असतील तर पाट सोडावा आणि पोत्यावर निजावे. घोड्या सोडू नयेत. गाडीबरोबर मिळणारा स्क्रूचा जॅक केवळ स्टेपनी चढविण्यापुरता असतो. तेलाच्या दाबाचा जॅक अधिक बळकट खरा, पण त्यातील वॉशर झिजला की दाब सुटतो, आणि तो केव्हा सुटेल हे बाहेरून दिसत नाही. जॅकचे काम उचलणे. तोलून धरणे हे घोडीचे काम.

गाडी सपाटीवर उभी करावी. उतारावर ती उचलूच नये. घाटावरील वाचकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. हातब्रेक बहुतेक गाड्यांत मागील चाकांसच लागतो, म्हणून मागील बाजू उचलली की तो निरुपयोगी होतो. जमिनीवर राहिलेल्या पुढील चाकांस दोन्ही अंगांनी पाचरी लावणे हाच उपाय. पुढील बाजू उचलली असता मागील चाकांस तसेच करावे. घोडी गाडीच्या पुस्तिकेत दाखविलेल्या जागीच टेकवावी. जमीन थोडीही शंकास्पद असेल तर घोडीखाली जाड व रुंद सागवानी फळी द्यावी. नंतर गाडी बाहेरून दोन्ही हातांनी चांगली हलवून पाहावी. हलायचीच असेल तर ती आपण बाहेर असताना हलू द्यावी. शेवटी स्टेपनी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावी. घोडीने दगा दिलाच तर ते रबर व लोखंड आपल्या छातीऐवजी भार घेईल.

पाटावर निजून घट्ट बसलेला नट सोडविताना आणखी एक चमत्कार होतो. आपण पाना ओढतो, नट जागचा हलत नाही, आपणच सरकतो. अशा वेळी जोर वाढवू नये. पाट बाजूस काढून जमिनीवर निजावे, पान्याची लांबी वाढवावी, आणि गाडीस धक्का बसेल असा आडवा हिसडा देऊ नये. किल्ली कामाच्या वेळी स्वतःच्या खिशात असावी, म्हणजे घरातील कोणी नकळत इंजिन सुरू करणार नाही. इंजिन चालू ठेवून खाली जाणे तर सर्वथा वर्ज्य. धुराड्यातील विषारी वायूस वास नसतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत साचते, आणि पाटावर निजलेल्याचे नाक नेमके त्याच थरात असते. यासाठी दिवा एलईडीचा व बॅटरीचा असावा, आणि विडी-काडी दूर राहावी. प्रवासाहून आलेली गाडी कोमट होऊ द्यावी. तेल कोमट असताना नीट वाहते, पण उकळते तेल कातडी सोलते.

गृहातील शिस्त

उपरणे, ओढणी, जानवे, गळ्यातील साखळी, सुटे केस ही सर्व पाटाच्या चाकांत गुंतणारी द्रव्ये आहेत. गाडीखाली जाणारा पुरुष असो वा स्त्री, अंगाला बेताने बसणारे कपडे घालावेत आणि केस बांधावेत. काम चालू असता घरातील एक मोठे माणूस हाकेच्या अंतरावर असावे, आणि त्यास आपण खाली आहोत हे माहीत असावे. काम आटोपले की पाट भिंतीशी उभा करून कडीने अडकवावा. जमिनीवर पडलेला सरकता पाट मुलांना खेळगाडा वाटतो आणि वृद्धांना अंधारात पायरीचा भास देतो. दोन्हींचा शेवट हाड मोडण्यात होतो. काढलेले तेल गटारात अगर शेताच्या बांधावर ओतू नये. वापरलेले तेल २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून, जेथे असे तेल गोळा होते अशा गॅरेजात द्यावे.

आता कोणी विचारील, एवढ्या खटाटोपाचे प्रयोजन काय? हल्लीच्या बहुतेक पेट्रोल मोटारींचे तेल १०,००० किलोमीटरांनी अथवा वर्षातून एकदा बदलावयाचे असते. मधे एकदा काळ्या मातीच्या चिखलानंतर तळ धुऊन पाहिला, तर वर्षातून दोन वेळा गाडीखाली जाण्याचा योग येतो. तेवढ्यासाठी पाट हवाच असे नाही. ज्यांची मान किंवा कंबर धरलेली आहे, निजून वर पाहताच ज्यांना घेरी येते, त्यांनी हे काम विश्वासू मिस्त्रीकडे सोपवावे. त्यात कमीपणा नाही. परंतु ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत, अथवा ज्यास या कामाची खरोखर गोडी आहे, त्यास हा पाट अनेक वर्षे सोबत करील. त्याने आधी टेप घेऊन तळाची उंची मोजावी, अंगण झाडून फरशीच्या कडा बोटाने चाचपून पाहाव्यात, आणि घोड्यांची जोडी घरी आल्यानंतरच पाटाच्या दुकानाची पायरी चढावी.